एकाच किमतीच्या दोन आलिशान एसयूव्ही : खरी कसोटी शोरूममध्ये नव्हे, तिलवाऱ्याच्या रस्त्यावर

जबलपूर : शहराच्या दक्षिण टोकाला नर्मदेच्या काठी वसलेले तिलवारा मराठी वाचकांना दोन कारणांनी परिचित आहे. १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली झालेले त्रिपुरी काँग्रेसचे अधिवेशन याच परिसरात भरले होते. दुसरे कारण रोजच्या प्रवासाचे आहे. नागपूरहून सिवनी आणि लखनादौनमार्गे येणारा प्रवासी तिलवाऱ्याच्या पुलावरून नर्मदा ओलांडतो, तेव्हाच तो जबलपुरात पोहोचला असे मानले जाते. जबलपुरात पिढ्यान्पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी हा रस्ता म्हणजे विदर्भाशी असलेला जिवंत दुवा होय.

याच रस्त्यावर नियमित ये-जा करणारे उद्योजक, कंत्राटदार, डॉक्टर आणि व्यापारी आज एका नव्या प्रश्नासमोर उभे आहेत. कोटीच्या आसपास किंमत असलेल्या दोन आलिशान एसयूव्हींपैकी कोणती घ्यावी, हा तो प्रश्न. वरवर पाहता तो मूठभर धनिकांच्या हौसेचा वाटतो. परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेले वस्तू व सेवा कराचे नवे दर, राज्यांचे परस्परांहून भिन्न वाहनकर, इंधनविषयक धोरण, परदेशांशी झालेले व्यापार करार आणि रस्ते सुरक्षेचा प्रश्न हे सारे या एका निवडीत एकवटले आहेत. त्यामुळे कोणता ग्राहक काय घेतो, यापेक्षा धोरण त्याला कोणत्या दिशेने नेते, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

जोंगाचे शहर

जबलपूरला दणकट वाहनांची ओळख नवी नाही. येथील तोफगाडी कारखाना १९०४ पासूनचा, तर वाहन निर्माणी १९६९ पासूनची आहे. भारतीय लष्कराची ‘जोंगा’ ही चारही चाकांना शक्ती पुरवणारी गाडी येथेच तयार होत असे. जपानच्या निसान कंपनीच्या ‘पेट्रोल’ या मॉडेलवर ती बेतलेली होती आणि तिच्या नावातील पहिले अक्षर जबलपूरचे होते. सुमारे चार लिटरचे, सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, पत्र्याचा साधा सांगाडा आणि कुठेही दुरुस्त होईल अशी यंत्ररचना ही तिची वैशिष्ट्ये. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिची डिझेल आवृत्ती नागरिकांनाही विकण्यात आली. १९९९ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले.

जोंगा घेणाऱ्याला निवडीचा प्रश्न नव्हता. रस्ता खराब, अंतर लांब आणि दुरुस्ती वाटेतच करायची, या तीन गोष्टींनी त्या वाहनाची रचना ठरली होती. आजच्या आलिशान एसयूव्हीची रचना मात्र प्रामुख्याने युरोप-अमेरिकेच्या महामार्गांसाठी झालेली असते. म्हणूनच जोंगाने घालून दिलेले तीन निकष, म्हणजे रस्ता, अंतर आणि दुरुस्ती, आजही तितकेच लागू पडतात. फरक एवढाच की त्यांत कर आणि इंधन या दोन निकषांची भर पडली आहे.

करातील बदलाने काय साधले

सप्टेंबर २०२५ पूर्वी मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के वस्तू व सेवा कर आणि २२ टक्के भरपाई उपकर, असा एकूण ५० टक्के बोजा होता. एसयूव्ही कोणाला म्हणायचे, याची करासाठी वेगळी व्याख्या होती. लांबी चार मीटरपेक्षा अधिक, इंजिनाची क्षमता १,५०० सीसीपेक्षा जास्त आणि जमिनीपासूनची उंची, तीही रिकाम्या वाहनाची, किमान १७० मिलिमीटर असली पाहिजे. २०२२ आणि २०२३ मधील परिषदेच्या बैठकांत या व्याख्येवर बराच काथ्याकूट झाला होता.

नव्या रचनेत उपकर रद्द झाला आणि मोठ्या मोटारी व एसयूव्ही सरसकट ४० टक्क्यांच्या टप्प्यात आल्या. चार मीटरपेक्षा अधिक नसलेल्या आणि पेट्रोलसाठी १,२०० सीसी, तर डिझेलसाठी १,५०० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या मोटारींना १८ टक्के दर लागला. विजेवरील वाहनांचा ५ टक्के दर, किंमत कितीही असली तरी, कायम राहिला.

याचा हिशेब सोपा आहे. जुन्या दरांनुसार ज्या एसयूव्हीची एक्स-शोरूम किंमत १ कोटी रुपये होती, तिची करपूर्व किंमत सुमारे ६६ लाख ६७ हजार रुपये होती. तीवर ४० टक्के कर धरल्यास नवी किंमत सुमारे ९३ लाख ३३ हजार रुपये होते. म्हणजे ग्राहकाचे सुमारे ६ लाख ६७ हजार रुपये वाचले. याच करपूर्व किमतीचे वाहन विजेवर चालणारे असते, तर ते ७० लाखांत मिळाले असते. अर्थात बॅटरीमुळे विजेवरील वाहनांची मूळ किंमतच अधिक असते. तरीही सरकारने तराजूच्या कोणत्या पारड्यात वजन टाकले आहे, हे या २३ लाखांच्या फरकातून स्पष्ट होते.

या बदलाचा एक दुर्लक्षित परिणाम म्हणजे एसयूव्हीची वेगळी करव्याख्या आता निरर्थक ठरली आहे. उंच गाडीला बुटक्या सेदानपेक्षा जो काही टक्के अधिक कर द्यावा लागे, तो भेद संपला. ग्राहकाच्या दृष्टीने ही सुटसुटीतता स्वागतार्ह आहे. सार्वजनिक धोरणाच्या दृष्टीने मात्र अधिक उंच आणि अधिक जड वाहन घेऊ नये, असे सुचवणारा तुटपुंजा का होईना, पण एक संकेत त्यामुळे नाहीसा झाला.

दोन वाहने समोरासमोर

या किमतीच्या वर्गात भारतीय ग्राहकासमोर सर्वाधिक वेळा येणारी जोडी म्हणजे मर्सिडीज-बेंझ जीएलई आणि बीएमडब्ल्यू एक्स ५. दोन्हींची सुधारित आवृत्ती भारतात २०२३ मध्ये आली. एक्स ५ जुलैमध्ये ९३ लाख ९० हजार ते १ कोटी ७ लाख रुपये या किमतीत, तर जीएलई नोव्हेंबरमध्ये ९६ लाख ४० हजार ते १ कोटी १५ लाख रुपये या किमतीत दाखल झाली. त्यानंतर किमतींत चढउतार झाले असले तरी दोघींमधील अंतर फारसे बदललेले नाही.

‘विदेशी गाडी’ हा शब्दप्रयोग या दोघींबाबत अर्धाच खरा आहे. जीएलईची जुळणी पुण्याजवळच्या चाकण येथे, तर एक्स ५ ची चेन्नईजवळ होते. मर्सिडीजने १९९४ मध्ये पुण्यातून भारतातील वाटचाल सुरू केली आणि चाकणचा कारखाना २००९ मध्ये कार्यान्वित झाला. बीएमडब्ल्यूचा चेन्नईचा कारखाना २००७ पासूनचा आहे. याच वर्गातील तिसरा पर्याय असलेल्या रेंज रोव्हर स्पोर्टची जुळणीही २०२४ पासून पुण्यात होऊ लागली. पूर्ण तयार अवस्थेत आयात होणाऱ्या महागड्या मोटारींवर ११० टक्क्यांपर्यंत शुल्क आहे, तर सुट्या भागांच्या संचांवरील मूलभूत सीमाशुल्क १५ टक्क्यांच्या घरात आहे. देशातील जुळणीचे गणित या दोन आकड्यांवर उभे आहे.

यांत्रिकदृष्ट्या दोघींमधील ठळक फरक इंजिनात आहे. एक्स ५ च्या पेट्रोल आणि डिझेल या दोन्ही प्रकारांत तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन आहे. डिझेल इंजिन २८६ अश्वशक्ती व ६५० न्यूटन मीटर टॉर्क देते, तर पेट्रोल इंजिन ३८१ अश्वशक्ती व ५२० न्यूटन मीटर. जीएलईच्या प्रारंभिक डिझेल प्रकारात मात्र दोन लिटरचे, चार सिलिंडरचे इंजिन आहे. त्याची शक्ती २६९ अश्वशक्ती आणि टॉर्क ५५० न्यूटन मीटर आहे. सहा सिलिंडर हवे असतील, तर जीएलईच्या ग्राहकाला वरच्या, अधिक किमतीच्या प्रकाराकडे जावे लागते.

दोघींचा स्वभावही वेगळा आहे. एक्स ५ ही प्रामुख्याने स्वतः गाडी चालवणाऱ्यासाठी बांधलेली आहे. वळणावर ती अधिक खंबीर वाटते. जीएलईचा भर मागच्या आसनावरील सुखसोयींवर आहे. मागील आसनाची विजेवर होणारी मांडणी आणि किंचित लांब चाकांतर यामुळे चालक ठेवणाऱ्या कुटुंबांना ती भावते. जबलपूर ते नागपूर हा सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचा प्रवास घरातील ज्येष्ठ मागच्या आसनावर बसून करणार असतील तर एक उत्तर येते, आणि मालक स्वतः चालवणार असेल तर दुसरे. शोरूमच्या आवारात मारलेल्या दहा मिनिटांच्या चक्करीत हा फरक कळत नाही. घरातील जी व्यक्ती जिथे बसणार आहे, तिला तिथेच बसवून किमान तासभर गाडी चालवून पाहणे हाच त्यावरचा उपाय.

आणखी एक बाब विक्रेते सहसा पुढे आणत नाहीत. दोन्ही वाहनांची सध्याची पिढी जगासमोर २०१८ मध्ये आली. म्हणजे दोन्ही आपल्या आयुष्याच्या उत्तरार्धात आहेत. नवी पिढी दाखल झाली की जुन्या पिढीच्या पुनर्विक्री मूल्याला फटका बसतो. सहा-सात वर्षे गाडी वापरणाऱ्याला त्याची झळ कमी. तीन वर्षांत बदलणाऱ्याने मात्र हा तोटा आजच सवलतीच्या रूपाने वसूल करणे शहाणपणाचे ठरेल.

डिझेल, पेट्रोल की वीज

ग्राहक जितका वेळ नाममुद्रेचा विचार करण्यात घालवतो, तितका इंधनाचा विचार करण्यात घालवत नाही. वास्तविक धोरणाचा सर्वात मोठा धोका इंधनातच दडलेला आहे. याचा धडा भारतीय बाजारपेठेला एकदा मिळाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०१५ रोजी दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात २,००० सीसी आणि त्याहून मोठ्या डिझेल इंजिनांच्या मोटारींची नोंदणी रोखली. ऑगस्ट २०१६ मध्ये एक्स-शोरूम किमतीच्या १ टक्का पर्यावरण शुल्क आकारून ती बंदी उठली. त्या आठ महिन्यांत आलिशान गाड्यांच्या कंपन्यांना घाईघाईने पेट्रोल पर्याय आणावे लागले. त्या निकषावर तोलल्यास आजच्या दोन लिटरहून किंचित लहान डिझेल इंजिनाची जीएलई बंदीतून सुटली असती आणि तीन लिटरची एक्स ५ अडकली असती.

दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल वाहनांबाबतचा वादही याच स्वरूपाचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या आधारावर मालकांवर सक्तीची कारवाई न करण्याचे निर्देश दिले, त्यामुळे दिलासा मिळाला. जबलपूरच्या ग्राहकाला दिल्लीचा नियम लागू होत नाही, हे खरे. परंतु जुन्या आलिशान गाड्यांची बाजारपेठ देशव्यापी आहे आणि राजधानीतील नियमांचे पडसाद इतर शहरांतील किमतींवर उमटतात.

दुसरीकडे पेट्रोलचाही प्रश्न आहे. २० टक्के इथेनॉल मिश्रित पेट्रोल आता देशभर मिळते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच चारचाकींच्या इंधन कार्यक्षमतेत काही घट अपेक्षित धरली होती : मिश्रणाला अनुरूप इंजिनात १ ते २ टक्के, तर शुद्ध पेट्रोलसाठी घडलेल्या जुन्या इंजिनात ६ ते ७ टक्के. नव्या गाड्या या मिश्रणाला अनुरूप असल्या तरी ज्या गाडीचा पेट्रोलखर्च मुळातच मोठा आहे, तिच्याबाबत ही लहान टक्केवारीही जाणवते.

मग डिझेल घ्यावे काय? वापर महामार्गावर अधिक असेल, तर होय. आठवड्यातून एकदा नागपूर किंवा भोपाळची फेरी करणाऱ्याला डिझेलचा टॉर्क आणि पल्ला उपयोगी पडतो. वापर मुख्यतः शहरातील चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांपुरता असेल, तर मात्र डिझेल टाळावे. भारत-६ मानकाच्या डिझेल गाड्यांत धूरकण अडवणारी जाळी असते. ती स्वच्छ होण्यासाठी इंजिन काही काळ सलग तापावे लागते. सततच्या छोट्या फेऱ्यांमुळे ती तुंबते आणि दुरुस्तीचा खर्च लाखांत जाऊ शकतो. शिवाय या गाड्यांत युरियाचे द्रावण वेळोवेळी भरावे लागते. ते संपल्यास गाडी पुन्हा सुरू होत नाही.

विजेवरील पर्याय आता दुर्लक्षिण्याजोगा राहिलेला नाही. चाकणमध्ये विजेवरील ईक्यूएस एसयूव्हीची जुळणी २०२४ पासून होत आहे. चेन्नईत जुळणी होणारी बीएमडब्ल्यूची लहान विद्युत एसयूव्ही आयएक्स १ जानेवारी २०२५ मध्ये ४९ लाखांत आली. घरी स्वतःचे चार्जिंग असलेल्या आणि बहुतांश वापर शहरात करणाऱ्या कुटुंबासाठी करातील ३५ टक्के बिंदूंचा फरक हा निर्णायक मुद्दा आहे. मात्र वाहन विकत घेण्यापूर्वी लखनादौन आणि सिवनी या टप्प्यांवर वेगवान चार्जर प्रत्यक्ष सुरू आहेत का, हे स्वतः एकदा त्या मार्गाने जाऊन पाहावे.

राज्य बदलले की किंमत बदलते

वस्तू व सेवा कर देशभर समान असला, तरी वाहनकर राज्यागणिक बदलतो. जबलपूर आणि विदर्भ यांच्यात विभागलेल्या कुटुंबांना हा मुद्दा प्रत्यक्ष भेडसावतो. महाराष्ट्रात २० लाखांहून अधिक किमतीच्या पेट्रोल मोटारीवर १३ टक्के आणि डिझेल मोटारीवर १५ टक्के एकरकमी कर आहे. कंपनीच्या नावावर नोंदवलेल्या वाहनाला २० टक्के दर लागतो. १ जुलै २०२५ पासून या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख रुपये करण्यात आली.

९३ लाख ३३ हजारांच्या आपल्या उदाहरणात ढोबळ हिशेब असा निघतो : पेट्रोलसाठी सुमारे १२ लाख १३ हजार, डिझेलसाठी १४ लाख आणि कंपनीच्या नावे घेतल्यास सुमारे १८ लाख ६७ हजार रुपये. म्हणजेच वस्तू व सेवा करातील कपातीने जे वाचले, त्याइतकीच रक्कम कंपनीच्या नावे नोंदणी करून जाऊ शकते. व्यवसायासाठी गाडी घेणाऱ्याला घसाऱ्याची सवलत मिळते, पण अशा प्रवासी मोटारीवर भरलेल्या वस्तू व सेवा कराची वजावट सामान्यतः मिळत नाही. त्यामुळे लेखापालाशी आधी बोलणे हिताचे. १० लाखांवरील वाहनावर विक्रेता १ टक्का प्राप्तिकर उगमस्थानी गोळा करतो. तो विवरणपत्रात समायोजित करता येतो, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही.

मध्य प्रदेशात वेगळीच गंमत आहे. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात खरेदी केलेल्या वाहनांना अलीकडच्या वर्षांत राज्य सरकारने वाहनकरात ५० टक्के सवलत दिली आहे. शिंदे संस्थानाच्या काळात १९०५ मध्ये सुरू झालेला हा मेळा आज आलिशान गाड्यांची मोठी बाजारपेठ बनला आहे. उज्जैनच्या विक्रम व्यापार मेळ्यालाही अशी सवलत मिळाली आहे. कराचा दर अगदी १० टक्के गृहीत धरला, तरी आपल्या उदाहरणात ग्राहकाचे साडेचार लाखांहून अधिक रुपये वाचतात. अट एवढीच की नोंदणी मेळ्याच्या शहरातील परिवहन कार्यालयातच करावी लागते. त्यामुळे जबलपूरच्या ‘एमपी २०’ या क्रमांकाऐवजी गाडीवर ग्वाल्हेरचा ‘एमपी ०७’ येतो. सर्वात महागड्या वाहनांनाही दिली जाणारी ही सवलत करसमतेच्या तत्त्वात कितपत बसते, हा स्वतंत्र प्रश्न आहे. राज्याच्या तिजोरीतून जाणारी रक्कम गाडीच्या किमतीच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सर्वाधिक लाभ सर्वाधिक सधन ग्राहकाला होतो.

नोकरीनिमित्त राज्ये बदलणाऱ्यांसाठी २०२१ पासून ‘बीएच’ मालिकेचा पर्याय आहे. चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी आस्थापनांच्या आणि सरकारी कर्मचाऱ्यांना तो उपलब्ध आहे. त्यात कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांनी भरता येतो. अन्यथा दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ वाहन ठेवल्यास नवी नोंदणी बंधनकारक ठरते.

रस्ता, पाणी आणि दुरुस्ती

जबलपूर शहरात ऑगस्ट २०२५ मध्ये मदन महाल ते दमोह नाका हा सुमारे सात किलोमीटरचा उड्डाणपूल केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते खुला झाला. नागपूरकडे जाताना राष्ट्रीय महामार्ग ३४ लखनादौनला राष्ट्रीय महामार्ग ४४ ला मिळतो. पुढे पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात वन्यप्राण्यांना खालून जाता यावे म्हणून रस्ता उंचावर बांधण्यात आला आहे. थोडक्यात, मुख्य मार्ग आता एवढे सुधारले आहेत की चारही चाकांच्या शक्तीची गरज वर्षातून फार थोड्या वेळा पडते. चौपदरी राष्ट्रीय महामार्गावर मोटारींसाठी २०१८ च्या अधिसूचनेनुसार कमाल वेग ताशी १०० किलोमीटर आहे. २६९ आणि ३८१ अश्वशक्तींमधील फरक या मर्यादेत जवळपास नाहीसा होतो.

पावसाळ्यात चित्र बदलते. बरगी धरणाचे दरवाजे उघडले की तिलवारा घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि नदीकाठचे सखल रस्ते जलमय होतात. एसयूव्ही उंच असते म्हणून ती पाण्यातून जाईल, हा समज महागात पडतो. इंजिनात पाणी शिरून झालेले नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे जोडकलम वेगळे घ्यावे लागते. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास जोडकलम असूनही दावा अडचणीत येऊ शकतो.

दुरुस्तीचा मुद्दा जोंगाच्या काळापेक्षा आज अधिक कठीण आहे. संगणकनियंत्रित वाहन वाटेतल्या कारागिराच्या हाती सोपवता येत नाही. म्हणून दोन वाहनांपैकी कोणत्याही एकाची निवड करण्यापूर्वी काही साधे प्रश्न लेखी विचारले पाहिजेत. पूर्ण क्षमतेचे अधिकृत दुरुस्ती केंद्र तिलवाऱ्यापासून किती अंतरावर आहे? रात्री महामार्गावर गाडी बंद पडल्यास ती उचलून नेण्याची सोय किती वेळात होते आणि खर्च कोणाचा? टायर फुटल्यावरही काही अंतर धावणारे आहेत की सुटे चाक मिळते? समोरची काच आणि दिवे बदलण्याचा खर्च किती? विस्तारित हमी आणि देखभालीचे पॅकेज किती वर्षांचे? याची उत्तरे ज्या कंपनीकडून समाधानकारक येतील, तिचे पारडे जड. अश्वशक्तीचा फरक सवयीने विसरला जातो, दुरुस्तीसाठी तीनशे किलोमीटर ओढून न्यावी लागलेली गाडी विसरली जात नाही.

रस्त्यावरील इतरांचे काय

आतापर्यंतचे सारे निकष खरेदीदाराच्या हिताचे होते. परंतु या निवडीत आणखी एक पक्ष आहे. मकरसंक्रांतीला तिलवारा घाटावर मेळा भरतो, तेव्हा रस्त्याच्या कडेने हजारो भाविक पायी चालत असतात. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ३२ हजार ८२५ जण पादचारी होते. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, बॉनेटची उंची ४० इंचांहून अधिक असलेल्या वाहनाची धडक बसल्यास पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता कमी उंचीच्या, उतरत्या बॉनेटच्या वाहनापेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते.

दोन्ही वाहनांच्या सध्याच्या पिढीला युरोपीय सुरक्षा चाचणीत पाच तारे मिळाले आहेत. एक्स ५ ला २०१८ मध्ये आणि जीएलईला २०१९ मध्ये. तथापि या चाचणीत आतील प्रवाशांचे आणि बाहेरील पादचाऱ्यांचे गुण वेगवेगळे दिलेले असतात. ग्राहक बहुधा पहिला आकडा विचारतो, दुसरा विचारत नाही. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आणि सर्व बाजूंचे कॅमेरे हे या वर्गात चैनीचे नव्हे, तर जबाबदारीचे साधन मानले पाहिजे.

मात्र कोणतीही यंत्रणा चालकाची जागा घेऊ शकत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरमध्ये एका आलिशान मोटारीने दुचाकीला दिलेल्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. ते दोघे मूळचे मध्य प्रदेशचे होते. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप असून प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाच्या हाती वाहन दिल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, तसेच वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. कोटीची गाडी घेताना किल्ली कोणाच्या हाती राहील, हा प्रश्न रंग आणि आसनाच्या कातड्याआधी सुटला पाहिजे.

थांबावे की घ्यावे

सध्या अनेक ग्राहक व्यापार करारांकडे डोळे लावून थांबले आहेत. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या करारात तेथील मोटारींवरील शुल्क ठरावीक कोट्याच्या मर्यादेत टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे. युरोपीय संघाशी वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा २७ जानेवारी २०२६ रोजी झाली. त्यातही वार्षिक अडीच लाख वाहनांच्या कोट्यात शुल्क ११० टक्क्यांवरून क्रमाक्रमाने १० टक्क्यांपर्यंत उतरणार आहे. या कपातीचा मोठा लाभ पूर्ण तयार अवस्थेत येणाऱ्या गाड्यांना होईल. जीएलई आणि एक्स ५ यांची जुळणी देशातच होत असल्याने त्यांच्यावरील सध्याचा शुल्कभार तुलनेने कमी आहे. साहजिकच त्यांच्या किमतीत नाट्यमय घट होण्याची शक्यता मर्यादित आहे. गरज असलेल्याने केवळ करारासाठी थांबण्यात फारसे हशील नाही.

यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. महामार्गावर अधिक धावणाऱ्या आणि स्वतः चालवणाऱ्या मालकाला सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची एक्स ५ अधिक मूल्य देते. मागच्या आसनावरून प्रवास करणाऱ्या कुटुंबाला जीएलई अधिक सोयीची आहे. शहरातच फिरणाऱ्याने दोघींऐवजी विजेवरील पर्याय पाहावा, कारण करधोरण त्याच्याच बाजूने झुकलेले आहे. आणि या तिन्ही बाबतीत, दुरुस्ती केंद्र ज्या कंपनीचे जवळ, तिला झुकते माप द्यावे.

धोरणकर्त्यांसाठीचा निष्कर्ष थोडा कठोर आहे. आजचा कर लांबी आणि इंजिनाची क्षमता मोजतो. रस्ता झिजवणारे वजन, हवेत जाणारा धूर आणि पादचाऱ्यावर आदळणारी बॉनेटची उंची तो मोजत नाही. त्यातच मेळ्यातील सवलत सर्वात महाग वाहनाला सर्वाधिक लाभ देते. तिलवाऱ्याच्या पुलावरून कोटीची एसयूव्ही, मालाने भरलेला ट्रक, दुचाकी आणि घाटाकडे पायी निघालेला भाविक एकाच वेळी जात असतात. या चौघांनाही सुखरूप पलीकडे पोहोचवील, अशी करव्यवस्था आखणे हे पुढचे काम आहे.